न कळलेला मधुमेह आणि प्रश्नांची चाळणी

मोहर्ली हें ताडोबाच्या अरण्याचें एक प्रमुख दार होय. चंद्रपुरापासून सुमारें ३० किलोमीटरांवर, इरईच्या जलाशयाजवळ वसलेलें भद्रावती तालुक्यांतील हें लहानसें गांव वाघ पाहावयास येणाऱ्या शहरी प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचें आहे. पहांटे फाटकापाशीं उघड्या मोटारींची रांग लागते, प्रवासी अरण्यांत जातात आणि कांहीं तासांनीं परत फिरतात. गांवाच्या अंगणांत चालणारें एक दुसरें काम मात्र त्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. आशा स्वयंसेविका म्हणून नेमलेली गांवचीच एखादी स्त्री, हातांत एक छापील पत्रक आणि शिंपी वापरतो तसली फीत घेऊन, तिशी गांठलेल्या प्रत्येक माणसाला सहा गोष्टी विचारते. वय किती? तंबाखू, विडी, खर्रा यांचें व्यसन आहे काय? दारू रोज घेतली जाते काय? कमरेचा घेर किती? आठवड्यांतून निदान १५० मिनिटें अंगाला श्रम होतात काय? आईबापांना अगर भावंडांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार आहे काय? प्रत्येक उत्तराला गुण ठरलेले आहेत, आणि बेरीज ४ च्या वर गेली कीं त्या माणसाला रक्ततपासणीसाठीं अगोदर पाठवावयाचें, असा नियम आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचें हें पत्रक होय. हा कार्यक्रम २०१० सालीं सुरू झाला, आणि महाराष्ट्रांतील ज्या सहा जिल्ह्यांत त्याचा प्रारंभ झाला त्यांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही होते.

या साऱ्या प्रकारांत सुई नाहीं, रक्त नाहीं, यंत्र नाहीं. रक्तांतील साखरेचा शोध कमरेची फीत आणि आईबापांची चौकशी यांनीं कसा लागावा, अशी शंका सुशिक्षित माणसालाही येईल. शंका रास्त आहे. शोध लागत नाहींच. कोणाच्या रक्तांत शोध घ्यावा एवढेंच त्यावरून कळतें. या दोन गोष्टींतील भेद नीट ध्यानीं न आल्यामुळें अशा पत्रकांविषयीं एकीकडे अवास्तव भरंवसा आणि दुसरीकडे अकारण उपहास, असे दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात.

मधुमेहाला हुडकून काढावें लागतें, याचें कारण तो दुखत नाहीं. तहान, वारंवार लघवी, थकवा, वजन घटणें हीं लक्षणें उघड होतात तोंपर्यंत साखर बरीच चढलेली असते; आणि ती माफक चढलेली असतांना वर्षानुवर्षें माणूस आपल्या उद्योगांत मग्न राहतो. आपल्या प्राचीन वैद्यांनीं मूत्राच्या गोडीवरून आणि त्यास लागणाऱ्या मुंग्यांवरून हा रोग ओळखला होता. परंतु मुंग्या लागेपर्यंत थांबणें म्हणजे रोगाला कित्येक वर्षांची मोकळीक देणें होय. त्या काळांत डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या यांवर त्याचें काम निमूटपणें चाललेलें असतें.

अशा अज्ञात रोग्यांची संख्या किती असावी, याचा पहिला धक्कादायक हिशेब अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या ऑक्सफर्ड नांवाच्या लहान गांवीं झाला. मधुमेहाचे विख्यात वैद्य इलियट जॉस्लिन यांचें हें जन्मगांव. तेथें सुमारें साडेतीन हजार लोकांची सरसकट तपासणी करण्यांत आली आणि तिचा वृत्तांत १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. मधुमेही निघाले ७०. त्यांपैकीं ४० जणांना आपला रोग ठाऊक होता. उरलेल्या ३० जणांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या देशांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विस्तृत पाहणीचा २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला आंकडा असा आहे, कीं प्रौढांपैकीं शेंकडा ११.४ लोकांस मधुमेह आहे आणि शेंकडा १५.३ लोक मधुमेहाच्या पूर्वावस्थेंत आहेत; म्हणजे साखर नेहमींपेक्षां अधिक, परंतु रोग म्हणण्याइतकी नव्हे, अशा उंबरठ्यावर ते उभे आहेत. त्याच पाहणीच्या २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागांत महाराष्ट्राच्या शहरांत शेंकडा १०.९ व खेड्यांत ६.५ असें मधुमेहाचें प्रमाण आढळलें होतें. खेड्याचा आंकडा लहान खरा; परंतु हा केवळ शहरी व सुखवस्तू लोकांचा रोग आहे, ही समजूत त्यानें पार मोडून टाकली.

मग सर्वांचेंच रक्त कां तपासूं नये? रोगाचें पक्कें निदान व्हावयाचें तर माणसानें रात्रभर उपाशी राहून सकाळीं रक्त द्यावें, नंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांत घालून प्यावें आणि दोन तासांनीं पुन्हा रक्त द्यावें, हा प्रशस्त मार्ग. उपाशीपोटीं साखर १२६ मिलिग्रॅम वा अधिक, अथवा दोन तासांनंतर २०० वा अधिक भरली तर तो मधुमेह. दोन तासांनंतरची साखर १४० ते १९९ च्या दरम्यान असेल तर ती पूर्वावस्था. पुण्यामुंबईच्या माणसाला यासाठीं एक सकाळ मोडावी लागते. तेंदूपत्त्याच्या हंगामांतल्या मजुराचा मात्र पुरा दिवस बुडतो, आणि त्या हंगामाचे दिवस वर्षांतून मोजकेच असतात. सरकारी खर्चाची गोष्ट तर वेगळीच. म्हणून प्रथम एखादी स्वस्त चाळणी लावावी आणि तिच्यावर जे राहतील त्यांचेंच रक्त बारकाईनें तपासावें, ही कल्पना पुढें आली.

चाळणी तयार होते ती अशी. एखाद्या भागांतील पुष्कळ लोकांचें रक्त प्रथम तपासून कोणास मधुमेह आहे व कोणास नाहीं हें निश्चित करतात. मग त्यांच्या वय, घेर, कुल, श्रम इत्यादि गोष्टींची नोंद पाहून कोणती गोष्ट रोगाशीं किती निगडित आहे याचें गणित मांडतात, आणि त्या गणितांतून निघालेल्या वजनांना सुटसुटीत गुणांचें रूप देतात. फिनलंडमध्यें २००३ सालीं असें एक कोष्टक प्रसिद्ध झालें. त्यांत आठ प्रश्न असून ४५ वर्षांखालील माणसाला वयाबद्दल शून्य गुण आहेत, आणि पुरुषाच्या कमरेचा घेर ९४ सेंटिमीटरांपर्यंत निर्धोक धरला आहे. चेन्नईस डॉ. व्ही. मोहन व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं ‘भारतीय मधुमेह जोखीम गुणांक’ प्रसिद्ध केला, त्यांत वयाचे गुण पस्तिशीपासूनच सुरू होतात आणि पुरुषाचा घेर ९० च्या आंत असला तरच शून्य मिळतें. हा फरक लहरीचा नव्हे. भारतीय माणसाला हा रोग लवकर आणि कमी लठ्ठपणांत गांठतो, हें रक्ताच्या तपासणींत दिसून आलें म्हणून तो करावा लागला.

चेन्नईचें कोष्टक घरच्याघरीं वापरतां येण्याजोगें आहे; फीत शिवणाच्या डब्यांत असतेच. वय ३५ च्या आंत असल्यास शून्य, ३५ ते ४९ असल्यास २०, पन्नास वा अधिक असल्यास ३०. घेर स्त्रीचा ८० व पुरुषाचा ९० सेंटिमीटरांच्या आंत असल्यास शून्य. त्यावर दहा सेंटिमीटरांपर्यंत १० गुण, त्याहून अधिक असल्यास २०. भरपूर अंगमेहनतीला शून्य, बैठें काम आणि व्यायामाचा अभाव यांना ३०, मधल्यांना मधले. आईबापांपैकीं एकास मधुमेह असल्यास १०, दोघांसही असल्यास २०. एकूण गुण शंभर. ६० वा अधिक म्हणजे मोठा धोका, ३० च्या आंत म्हणजे अल्प. फीत मात्र नीट लावली पाहिजे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचें हाड यांच्या बरोबर मध्यावर, उभें राहून, श्वास सहज सोडल्यावर ती धरावी. पोट आंत ओढून घेतल्यानें गुण कमी होतात, साखर कमी होत नाहीं.

आतां ही चाळणी किती चोख आहे तें पाहावें. चेन्नईच्या मूळ अभ्यासांत ६० गुणांची मर्यादा धरली असतां अज्ञात मधुमेह्यांपैकीं शेंकडा ७२.५ सांपडले, आणि निरोगी लोकांपैकीं शेंकडा ६०.१ योग्यच वगळले गेले. हे आंकडे एका कल्पित वस्तीला लावून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ उमगतो. समजा, एक हजार प्रौढ आहेत व त्यांत ६० जणांना न कळलेला मधुमेह आहे. कोष्टक या साठांपैकीं सुमारें ४४ जणांना हेरील आणि १६ जणांना निर्धोक म्हणून घरीं पाठवील. उरलेल्या ९४० निरोगी लोकांपैकीं सुमारें ३७५ जणांना विनाकारण रक्त द्यावें लागेल. म्हणजे हजारांऐवजीं सव्वाचारशेंच्या आसपास लोकांचें रक्त तपासून तीन चतुर्थांशाहून थोडे कमी रोगी हातीं आले, आणि बोलावलेल्या दर दहांत एकाच्या आसपास रोगी निघाला. सौदा वाईट नाहीं. पण ज्या १६ जणांना कागदानें अभय दिलें त्यांची गोष्ट या बेरजेंत बुडून जाते, आणि अरण्यालगतच्या गांवांत नेमका त्यांचाच विचार अधिक करावा लागतो.

कारण हे गुण ज्या लोकांना पाहून ठरविले ते चेन्नई शहराचे रहिवासी होते. मोहर्लीसारख्या गांवीं एक माय आणि तिचा मुलगा कल्पावा. मायचें वय ५३. उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचणें, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यांत धानाची रोवणी, वर्षभर सरपण. घेर ७६ सेंटिमीटर. आईबापांना मधुमेह होता काय, तर ‘नाहीं’. तिचे गुण वयाचे तेवढे ३०. मुलगा ३६ वर्षांचा, पर्यटकांची मोटार चालवितो, दिवसाचे कैक तास आसनावर जातात, घेर ९२, व्यायाम नाहीं, कुलांत रोग ‘नाहीं’. त्याचे गुण २०, १० आणि ३० मिळून ६०. कागद मुलाला तपासणीस पाठवील, आणि तें योग्यच आहे. अरण्याच्या पर्यटनानें एका पिढींत श्रमाचें स्वरूप असें पालटलें, कीं मुलगा गुणांच्या दृष्टीनें चेन्नईकर झाला आहे. पण मायविषयीं कागद जें बोलतो तें किती खरें धरावें?

तिच्या ‘नाहीं’ या उत्तराकडेच प्रथम पाहावें. जिच्या आईबापांच्या रक्ताची तपासणी आयुष्यांत एकदांही झाली नाहीं, तिच्या ‘नाहीं’चा अर्थ ‘ठाऊक नाहीं’ असा आहे. कागदावर मात्र दोन्हींना सारखेंच शून्य. वयाचेंही तसेंच. जन्माचा दाखला नसेल तर बहात्तरच्या दुष्काळांत ती चालूं लागली होती कीं कडेवर होती, असल्या खुणांवरून वर्ष ठरवावें लागतें, आणि दोनचार वर्षांच्या चुकीनें वीसाचे तीस अथवा तिसाचे वीस होतात. दारूच्या प्रश्नाची आणखी एक गंमत आहे. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. जेथें पिणें हाच गुन्हा, तेथें सरकारी कागदावर ‘रोज घेतों’ असें कोण लिहवून देईल? खऱ्ऱ्याविषयीं मात्र असा संकोच आढळत नाहीं. सुपारी, तंबाखू व चुना यांचें तें मिश्रण विदर्भांत राजरोस चालतें. प्रश्न विचारणारी बाई गांवचीच असते, घरची परिस्थिती तिला माहीत असते, आणि पुष्कळदां कागदावरील उत्तरापेक्षां तिचा अंदाजच अधिक विश्वसनीय ठरावा. तो लिहिण्यासाठीं पत्रकांत रकाना नाहीं.

याहून खोल अडचण शरीराची आहे. सडपातळ माणसाला मधुमेह होत नाहीं हा समज पुण्यांतच मोडला गेला. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचें छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत छापून आलें. उंचीच्या मानानें वजन काढण्याचा जो अंक असतो तो दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. शरीरांतील चरबी मात्र युडकिन यांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांची २१.२. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहांत चरबी लपलेली असते, आणि तिचें मूळ गर्भावस्थेंतील अपुऱ्या पोषणापर्यंत जाऊन पोंचतें, असा सिद्धांत पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या माता-पोषणाच्या अभ्यासांतून पुढें आला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरीनें २.७ किलोंच्या आसपास, इंग्लंडांतील साउदम्प्टनच्या बालकांचें सुमारें ३.५, परंतु कमतरता स्नायूंत अधिक व त्वचेखालच्या चरबींत कमी आढळली. खुद्द सुश्रुतानें प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत: एक जन्मतःच दोष घेऊन आलेला, कृश व थोडें खाणारा, दुसरा अपथ्यानें रोगी झालेला, स्थूल, खादाड व आळशी. आपली बहुतेक कोष्टकें या दुसऱ्यासाठीं रचलेलीं आहेत. दीर्घकालीन कुपोषणानंतर कृश माणसांत आढळणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेनें २०२५ सालीं ‘पांचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. अशा रोग्यापुढें कमरेची फीत निरुपयोगी आहे.

म्हणूनच सरकारी नियमांतील एका कलमाला फार महत्त्व आहे, आणि घाईगर्दींत तेंच विसरलें जाण्याचा संभव असतो. तीस वर्षें वा अधिक वयाच्या प्रत्येकाची साखर व रक्तदाब तपासावयाचा आहे, मग गुण कितीही असोत. चारांहून अधिक गुण असणाऱ्याला अगोदर बोलवावें, इतकाच पत्रकाचा अधिकार. तें रांगेतील जागा ठरवितें. रांगेंतून कोणास काढून टाकीत नाहीं. पूर्वोक्त मायला कागदानें कमी गुण दिले तरी तिच्या बोटाला टोंचणी लागलीच पाहिजे, आणि ती लागली नाहीं तर दोष प्रश्नांचा नसून ते वापरणाऱ्यांचा आहे.

टोंचणीनंतरही काम संपत नाहीं. उपकेंद्रांत ग्लुकोमीटरवर साखर १४० च्या वर दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाठवून खात्री करून घ्यावयाची असते. शहरांतील डॉक्टर अशा वेळीं बहुधा एचबीएवनसी ही तपासणी सांगतात. गेल्या दोनतीन महिन्यांतील साखरेची सरासरी ती सांगते, उपाशी राहावें लागत नाहीं, आणि ६.५ वा अधिक आंकडा आला कीं मधुमेह. पूर्व विदर्भांत मात्र ती सावधपणें वापरावी लागते, कारण या भागांत सिकलसेलचा आजार बराच आहे. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रोग्याची पेशी त्याहून पुष्कळ आधीं मरते, तिला साखर चिकटण्यास वेळच मिळत नाहीं, आणि आंकडा खोटाच कमी येतो. उलट लोहाच्या अभावानें झालेल्या पंडुरोगांत, जो तेथील स्त्रियांत सर्रास आहे, तो उगाच वाढलेला दिसूं शकतो. अशा ठिकाणीं उपाशीपोटींची व ग्लुकोजनंतरची साखर हीच विश्वासू साक्षीदार. चंद्रपूर-गडचिरोलीकडील पुष्कळ कुटुंबें आज नागपुरांत, पुण्यांत वसलीं आहेत. आपल्या कुलांत सिकलसेल असल्यास त्यांनीं डॉक्टरांना तें न विचारतां सांगावें.

या साऱ्या खटाटोपानें माणसें वांचतात काय, हा प्रश्न इंग्लंडांत प्रामाणिकपणें विचारला गेला. केंब्रिजच्या परिसरांत ४० ते ६९ वर्षांच्या, गुणांवरून मोठा धोका असलेल्या सुमारें वीस हजार लोकांचे गट पाडून, कांहींना तपासणीस बोलावलें व कांहींना नाहीं. जवळजवळ दहा वर्षांनीं, २०१२ सालीं, निकाल प्रसिद्ध झाला: दोन्ही गटांच्या मृत्युसंख्येंत फरक नाहीं. निकाल निराशाजनक वाटला तरी तो सरळ इकडे लागू करतां येत नाहीं. तेथें न बोलावतांही माणूस आपल्या डॉक्टराकडे जातो आणि रोग लवकरच उघडकीस येतो. मोहर्लीकडच्या शेतकऱ्याचा रोग पायाला झालेली जखम महिनोन्महिने भरत नाहीं तेव्हां किंवा क्षयाच्या उपचारांत उघडकीस यावा, असा संभव अधिक. मधुमेहानें क्षयाचा धोका दुपटीतिपटीनें वाढतो. जेथें निदान इतकें उशिरां होतें, तेथें लवकर हुडकण्याचें मोल केंब्रिजच्या मापानें मोजूं नये. मात्र त्या प्रयोगाचा एक इशारा घेण्याजोगा आहे. हुडकलेल्या माणसाला औषध दरमहा मिळालें नाहीं, तर त्याला रोगाचें नांव सांगून केवळ भय दिल्यासारखें होतें.

पूर्वावस्थेंतील माणसांविषयीं मात्र चांगला पुरावा आपल्याच देशांत आहे. चेन्नईस डॉ. ए. रामचंद्रन यांनीं ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना कांहींच विशेष उपचार दिला नाहीं त्यांपैकीं शेंकडा ५५ जण तीन वर्षांतच मधुमेही झाले. ज्यांच्या आहारांत व हालचालींत पद्धतशीर बदल घडविला, त्यांच्यांत हें प्रमाण ३९ वर आलें. शहरी बैठ्या माणसाला यावरून उपदेश सोपा आहे. दिवसाकाठीं रानांतून कैक कोस चालणाऱ्या बाईला ‘रोज फिरावयास जा’ असें छापील उत्तर देणें मात्र हास्यास्पद होय. तिच्या ताटांत भाताशेजारीं डाळ, भाजी आणि रानमेवा किती असतो याची चौकशी अधिक उपयोगी पडेल.

साखरेची व रक्तदाबाची ही तपासणी दरवर्षीं पुन्हा करावयाची असते, आणि पत्रकही नव्यानें भरावयाचें असतें. दरम्यान वयाचा रकाना बदललेला असतो. एखाद्या घरांत शेत सुटून मोटारीची चाकरी लागलेली असते. आणि गेल्या सालीं ‘कुलांत कोणास नाहीं’ म्हणून सांगणाऱ्या मुलाच्या आईची साखर मधल्या काळांत तपासली गेली असेल, तर त्याचें त्या प्रश्नाचें उत्तरही वेगळें येतें.